मोहाखालची झोळी

कोसमटोल्याच्या बुधरीला एक खोड आहे. कुठलीही वस्तू हातात आली की ती आधी उलटीसुलटी करून बघणार, मग डोळे अर्धवट मिटून घेणार आणि विचारणार, "हे बनवणाऱ्यानं कोणाले डोळ्यापुढं ठेवलं असन?" आता या प्रश्नाला कोण काय उत्तर देणार! दुकानदार कावतात, नवरा दसरू गालातल्या गालात हसतो. मुलगी दिव्या गडचिरोलीला कॉलेजात शिकते, ती तर भर बाजारात आईचा हातच ओढते. "आई, आपण बादली घ्याले आलो. बादलीसंग सोयरीक जुळवाले नाई."

पण खोड काही जात नाही. आणि खरं सांगायचं तर बुधरीचं चुकतं कुठे? गावातल्या हातपंपाचा दांडा बघा. एकदा वर गेला की बुटक्या बाईला टाचा उचलून त्याला लोंबकळावं लागतं. एसटीची पहिली पायरी बघा. म्हातारी माणसं तिच्यावर चढत नाहीत, त्यांना मागून कोणीतरी ढकलतं. बुधरीच्या घरकुलातला ओटा तर तिच्या छातीला लागतो. "हा ओटा करणाऱ्यानं जलमात चुलीवरून भाताचा गंज उतरवला नसन," असं ती रोज एकदा म्हणते आणि खाली चूल मांडून बसते. उलट एखादी गोष्ट जमून आलेली दिसली की बाई खुलते. बाजारातली बांबूची टोपली कमरेला टेकते तिथे जराशी चपटी असते, एवढ्यावर तिचा दिवस आनंदात जातो. सेफ्टीपिन ज्या कोणी काढली असेल त्याला एकदा घरी बोलावून कोंबडीचा रस्सा खाऊ घालायची तिची फार इच्छा आहे. दिव्या म्हणते, "आई, यालेच डिझाईन म्हणतेत. शहरात त्याचे मोठमोठे कॉलेज आहेत." बुधरी ऐकून घेते आणि सुईत दोरा ओवते.

ती गावाची शिंपीण. पायाचं मशीन, खिडकीजवळची जागा, समोर कडुनिंब. माप घ्यायला बाई समोर उभी राहिली की बुधरी टेप गळ्यात टाकते आणि नुसती बघत राहते. तिला म्हणे कापड कापायच्या आधीच ब्लाउज दिसतो. तो ब्लाउज घालून बाई धान लावताना वाकलेली दिसते, पोर कडेवर घेतलेली दिसते, काखेत कुठे ताणेल तेही दिसतं. सगळ्यात जास्त दिसतं ते पहाटे, कोंबडा आरवून गेल्यावर आणि अंथरूण सोडायच्या आधी. धड झोप नाही, धड जाग नाही, अशा त्या वेळात वस्तू तिच्याकडे बोलायला येतात. विहिरीची कप्पी येते, फाटका झगा येतो, मोडकी छत्री येते. गावात तिला झोपाळू बुधरी म्हणतात. म्हणू द्या. तिच्या हातचा ब्लाउज काखेत उसवलेला आजवर कोणी पाहिलेला नाही.

त्याच झोपेत एके दिवशी तिला एक झोळी दिसली. पण ती गोष्ट सांगायची तर आधी सुकरीबद्दल सांगायला हवं.

सुकरी ही बुधरीची सासू आणि सख्खी आत्याही. गोंडांमध्ये आत्याच्या घरी पोरगी देतात, त्यामुळे बुधरी लग्न होऊन काही परक्या घरी आली नाही. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून तिला आत्यानंच वाढवलं. बुधरीची सगळ्यात जुनी आठवण आत्याच्या मोहाच्या झाडाखालची आहे. खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधलेली. झोळीत ती निजलेली. वर आभाळ नुकतं उजळतंय, आणि मोहाची फुलं, पांढुरकी, जाड, रसानं भरलेली, टप टप करत झोळीत पडतायत. एक पोटावर, एक गालावर. गोड वास इतका दाट की डोळे उघडे ठेवणं होत नाही. आणि झोळीखालून आत्याचं गाणं सरकत जातंय, कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं. आत्या वाकून मोह वेचतेय, म्हणून ती दिसत नाही, नुसती ऐकू येते.

ते झाड नाल्याच्या काठावर आहे. सुकरीच्या सासऱ्याच्या आधीपासून ते या घराचं मानलं जातं. इथे प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली, दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी टोपली नेत नाही. सुकरीचं त्या झाडाशी बोलणं चालतं. लेकीसुनेला सांगत नाही ते ती झाडाला सांगते. हंगाम आला की तिच्या अंगात वारं शिरतं. उजाडायच्या आत टोपली घेऊन निघते आणि ऊन चढेपर्यंत कमरेत वाकून फुलं वेचते. तिची पाठ आता तशीच राहिलेली आहे. उभी असली तरी ती जमिनीशीच बोलतेय असं वाटतं. कानही गेले. ढोल वाजला तर ऐकू येतो, माणूस बोललेलं नाही.

आणि जंगलात वाघ वाढले. त्यात वाघाचा काय दोष, तो त्याच्या घरी राहतोय. पण मागच्या हंगामात नाल्यापलीकडच्या टोल्यातल्या, छोट्या वस्तीतल्या, कोलूची बायको मोह वेचायला गेली ती परत आली नाही. बुधरीनं तिच्या मुलीच्या लग्नाचे ब्लाउज शिवले होते. त्या दिवसापासून बुधरीचा जीव टांगणीला लागला. आत्या पहाटे दाराबाहेर पडली की हिच्या हातातली सुई थांबायची ती आत्या परतेपर्यंत.

वनरक्षक प्रफुल गावात आला, लोकांना चावडीपुढे बसवून नीट समजावून सांगितलं. भला पोरगा आहे तो. सुकरीच्या अगदी कानाशी तोंड नेऊन ओरडला, "माय, वाघ उभ्या माणसाले सहसा हात लावत नाई. पण माणूस वाकलं का त्याले वाटते, जनावर चरून राह्यलं. तू वाकत नको जाऊ."

"मंग मोह का पायानं वेचू?" सुकरी म्हणाली.

सगळे हसले. प्रफुलही हसला. मग टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "थे मले बी नाई समजून राह्यलं, माय."

बुधरी मात्र हसली नाही. वाकू नको, हे सगळे सांगतात. न वाकता वेचायचं कसं, ते कोणीच सांगत नाही. हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला आणि पावसाळा गेला, हिवाळा गेला, तरी निघाला नाही. आत्याला घरी बसवणं शक्य नव्हतं. मोहाविना सुकरी म्हणजे काय उरणार? नुसतं एक म्हातारं हाड. बुधरीला ते कळत होतं. आत्या जगली पाहिजे आणि मोहाखालीच जगली पाहिजे, एवढंच तिचं मागणं होतं.

मग पळस फुलायच्या सुमाराला, पहाटेच्या त्या अर्ध्या झोपेत, ती झोळी आली. फांदीला बांधलेली, वाऱ्यावर हलणारी. आत पोर नव्हतं, फुलंच फुलं होती. आणि झोळीच्या बाजूला आत्या उभी होती. ताठ उभी!

बुधरी उठून बसली. "दिव्याचे बाबा, उठा नं! मोह जमिनीवर पडूच कायले द्यायचा?"

दसरूनं एक डोळा उघडला. "मंग का त्याले हवेत लटकवते?"

"हाव," बुधरी म्हणाली.

दसरू मोठा सबुरीचा माणूस. बायकोचं डोकं चाललं की आपले हात चालवायचे, हे तो लग्नाच्या वर्षीच शिकला. त्यानं बांबू आणले. झाडाखाली खांब रोवून आधी ताडपत्री बांधून पाहिली. मोहाचा हंगाम अजून लांब होता, म्हणून बुधरीनं गळलेली पानं आणि चार चिंचा टाकून परीक्षा घेतली. सकाळी ताडपत्रीत दव साचलेलं. फुलं असती तर त्या पाण्यात आंबून गेली असती. मग जुनी लुगडी जोडून पाहिली, ती ओली झाली की जड होऊन जमिनीला टेकायची. शेवटी दसरूनं ओळखीच्या ट्रकवाल्याला सांगून सिरोंच्याहून गोदावरीवर मासे धरणाऱ्यांकडचं जुनं, बारीक विणीचं जाळं मागवलं. पाणी गळून जाईल, फूल अडकून राहील. पण वास! काय सांगू तुम्हाला. जाळं अंगणात उतरलं आणि गावातली सगळी मांजरं येऊन बसली. बुधरीनं ते राखेनं घासलं, नाल्यात बुडवून ठेवलं, पुन्हा घासलं. दसरू म्हणायचा, "औंदा आपला मोह झिंगा टाकून खावा लागते बाप्पा."

मग ती मशीनवर बसली. फाटलं होतं तिथे शिवलं, कडेला जाड पट्टी लावली, दोऱ्या घातल्या. जाळ्याला मध्ये झोळ दिला, असा की सगळी फुलं घरंगळत मध्ये यावीत आणि तो झोळ आत्याच्या कमरेच्या उंचीवर यावा. त्यासाठी तिनं आत्याची उंची मापली, हाताची लांबी मापली, वाकलेली पाठसुद्धा मापली. सुकरीला वाटलं, सून चोळी शिवतेय. ती खुश होऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाह्या जरा ढिल्या ठेवजो वं."

जाळं बांधून झालं त्या संध्याकाळी नवरा-बायको दोघं बराच वेळ झाडाखाली उभे होते. मावळतीचं ऊन जाळ्यातून खाली सांडत होतं. बुधरीला इतका आनंद झाला की तिला रडायला आलं. तिनं दसरूचा हात धरला. गावात असं कोणी करत नाही, पण तिथे बघायला होतं कोण?

आता झालेली चूक सांगतो. ही चूक बाहेरच्या माणसाला कळायचीसुद्धा नाही.

कोसमटोल्यात मोहाचं फूल पडायला लागलं म्हणून लगेच कोणी उचलत नाही. आधी मोहाचा पंडुम होतो, म्हणजे सण. गावचा पुजारी, ज्याला गायता म्हणतात, तो पहिली फुलं देवापुढे ठेवतो, सगळं गाव मिळून चाखतं, आणि मगच टोपल्या निघतात. तोवर पडलेलं फूल जमिनीचं. हरणानं खावं, अस्वलानं खावं, मुंग्यांनी न्यावं, माणसानं हात लावू नये. हे बुधरीला माहीत नव्हतं असं कसं म्हणायचं? तिच्या हाडामासात ते होतं. पण पंडुमला अजून अवकाश होता, झाडावर नुसत्या कळ्या होत्या, आणि जाळं फक्त बांधून बघायचं होतं. मोहाला मात्र घाई झाली. दोन दिवस गरम वारा सुटला आणि एका पहाटे नाल्याकाठचं ते झाड सगळ्या गावाच्या आधी झडलं.

सकाळी गुरं घेऊन जाणाऱ्यांनी पाहिलं. जाळं फुलांनी भरून खाली आलेलं. जमिनीवर एक फूल नाही. पंडुमच्या आधी सुकरीच्या घरानं मोह धरला!

बातमी गावभर झाली. बायका तोंडाला पदर लावून झाडाखाली जमल्या. कोणी भांडलं नाही, हेच जास्त वाईट होतं. सुकरी आली, तिनं जाळ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. म्हातारी झाडाच्या बुंध्याला हात लावून पुटपुटत राहिली. माफी मागत होती.

"मी हात नाई लावला," बुधरी म्हणाली. "कोणीच नाई लावला. थे आपोआप पडलं."

गायता वारलू, पिकल्या मिशांचा, मवाळ बोलणारा म्हातारा. त्यानं जाळ्याखालून फेरी मारली, बोटानं जाळं उचलून पाहिलं. "काम तं बेस केलं तू, बुधरी," तो म्हणाला. "पण याले डोळे नाईत. माणूस फूल पाह्यते आन् थांबते. पंडुम झाला का नाई, हे याले कोण सांगन?"

वारलूनं ती सगळी फुलं जमिनीवर सांडायला लावली, देवाला हात जोडले आणि दंडबिंड काही न करता तो निघून गेला. जाळं मात्र सुकरीनं स्वतःच्या हातानं सोडलं. घरी आणून कोपऱ्यात टाकलं आणि सुनेशी बोलणं बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदा.

बुधरी मशीनवर बसून राहिली. खिडकीतल्या कडुनिंबाकडे बघत राहिली. तिला स्वतःचाच राग आला होता. जगातल्या प्रत्येक वस्तूला ती विचारत आली, कोणाले डोळ्यापुढं ठेवलं? आणि स्वतःच्या वेळी तिनं आत्याची पाठ तेवढी डोळ्यापुढे ठेवली. पाठ मापली, हात मापला, आणि त्या पाठीत राहणारी आत्या मापायची राहूनच गेली. छातीला लागणारा ओटा बांधणाऱ्यात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

पंडुम आता तोंडावर आला होता. त्याआधी झाडाखालची जागा झाडून ठेवायची रीत. नाहीतर पाचोळ्यात फूल दिसत नाही, मग लोक पाचोळा जाळतात आणि आग जंगलात पळते. सुकरी न बोलता खराटा घेऊन पहाटे बाहेर पडली. नेहमीपेक्षाही लवकर, सून उठायच्या आत. रागाच्या भरातच असावी.

बुधरीला जाग आली तेव्हा आत्याचं अंथरूण रिकामं होतं. ती तशीच अनवाणी निघाली. नाल्यावर धुकं उतरलेलं होतं. मोहाचा वास पायाखालून, डोक्यावरून, सगळीकडून येत होता, आणि तिला क्षणभर वाटलं की आपण अजून झोपेतच चाललोय. झाडाखाली आत्या दिसली. कमरेत वाकून खराटा मारत होती. खर्र, खर्र. धुक्यात तिचं डोकं दिसत नव्हतं, नुसती पाठ दिसत होती, आणि बुधरीच्या मनात आलं, खरंच की, गाय चरतेय असंच वाटतंय.

मग नाल्यापलीकडचं गवत हललं. गवतात एक तोंड होतं. मोठं, शांत. ते सुकरीच्या पाठीकडे बघत होतं.

"आत्या! उभी राह्य!"

आत्याला ऐकू येत नाही. बुधरी ओरडली, पुन्हा ओरडली, खराटा खर्र खर्र चालूच. मग ती धावली. घसा फोडून ओरडत, काट्यांतून, दगडांवरून धावली आणि मागून दोन्ही हातांनी आत्याला कव घालून तिनं तिला उभी केली. उचललीच म्हणा ना. म्हातारी कळवळली. तिची पाठ कित्येक वर्षांत एवढी सरळ झालेली नव्हती. दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकीच्या अंगावर एक, जितकं उंच होता येईल तितकं उंच होऊन. पलीकडचं तोंड थोडा वेळ बघत राहिलं. मग गवत मिटलं.

"मारतं का वं मले?" सुकरी ओरडली. तिनं काहीच पाहिलं नव्हतं. बुधरीनं नाल्याकडे बोट दाखवलं. ऊन आल्यावर दसरू चार माणसं घेऊन गेला, तेव्हा ओल्या वाळूत पंजे उमटलेले दिसले. सुकरीनं ते जाऊन पाहिले, घरी आली, भिंतीला टेकून बसली.

"तू मले घरी बसवशीन आता," ती म्हणाली.

"नाई, आत्या," बुधरीनं जोरात मान हलवली.

"मंग का करशीन?"

बुधरी तिच्या कानाशी वाकली. "तूच सांग. पंडुमच्या आधी फूल कोणाचं?"

"जमिनीचं."

"आन् मंग?"

"मंग आपलं. पण सारं नाई. अस्वल कोणाच्या दारी जाईन?"

एवढंच बोलणं झालं. पण त्या रात्री बुधरी शांत झोपली आणि पहाटे नेहमीच्या वेळी तिच्याकडे वस्तू आल्या. आधी झोळी आली. तिच्यामागून, काय यावं, परकर आला! साधा सुती परकर, नाडीवाला. त्याची नाडी आपोआप सुटत होती आणि आपोआप आवळत होती. मग ब्लाउजची एक बाही आली आणि झोळीच्या मधोमध जाऊन लोंबकळायला लागली. बुधरी झोपेतच हसली. दसरूनं हलवून विचारलं, "का झालं?" तर म्हणते कशी, "बाही ढिली पाह्यजे तिले."

दिवसभर मशीन चाललं. जाळ्याच्या मध्ये, झोळ सगळ्यात खाली येतो तिथे, तिनं गोल कापलं. चांगलं जाळं कापताना बघून दसरूनं डोळे मिटून घेतले. झोळ जरा वर घेऊन त्या भोकाला तिनं आत्याच्या कमरेपर्यंत येईल अशी जाड कापडाची बाही लावली, बाहीच्या तोंडाशी नेफा शिवला आणि नेफ्यात नाडी ओवली. नाडी सुटी, तर जाळ्यातलं फूल घरंगळत बाहीतून थेट जमिनीवर. नाडी आवळली, तर फूल जाळ्यात. आणि वेचायचं म्हणजे काय, तर बाहीखाली टोपली धरायची आणि नाडी सोडायची. पहिल्या जाळ्यातली फुलं हातानं मूठ मूठ काढावी लागली असती. आता उभ्या उभ्या कमरेवरच्या टोपलीत फुलं येऊन पडणार होती. जमिनीचा मान राखायला जे भोक पाडलं, त्यानंच काम सोपं झालं. हे बुधरीच्या लक्षात आलं तेव्हा ती मशीनवरून उठून अंगणात एक चक्कर मारून आली. जवळ कोणी नव्हतं म्हणून कडुनिंबालाच सांगून टाकलं.

जाळं तिनं झाडाच्या एकाच बाजूला बांधलं. नाल्याकडची बाजू मोकळी सोडली, अस्वलाची.

मग ती स्वतः वारलूच्या घरी गेली. "वारलूबाबा, पाह्याले चाल. डोळे तं नाई देता आले मले, पण तोंड देलं त्याले. आपण सांगू तवा मिटन."

वारलू आला. बाहीत हात घालून पाहिला, नाडी ओढून पाहिली, सोडून पाहिली. पोरासारखी पुन्हा ओढली. सकाळी पडलेली फुलं बाहीतून जाऊन खाली जमिनीवर पसरलेली होती. त्यावर मुंग्या लागल्या होत्या. म्हाताऱ्यानं उकिडवं बसून त्या मुंग्या पाहिल्या. "पंडुमपर्यंत नाडीले हात नाई लावायचा," तो म्हणाला.

"नाई लावत."

"आन् मंग नाडी कोण आवळन?"

बुधरीनं आत्याकडे पाहिलं. सुकरी तोंड फिरवून बुंध्याशी उभी होती. तिला ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं, देव जाणे. पण तिचे डोळे भरलेले होते.

पंडुम झाला. ढोल वाजले, पहिली फुलं देवापुढे गेली, सगळ्यांनी चाखली, पोरांनी जास्त चाखली. दुसऱ्या दिवशी पहाटे, चांगलं फटफटल्यावर, आत्या आणि सून दोघी झाडाकडे निघाल्या. आता अंधारात जायची गरज नव्हती. फुलं जमिनीवर पडणार नव्हती, हरणं आधी येऊन खाणार नव्हती. जाळं सांभाळणार होतं. मागून गावातल्या काही बायका आल्या, बघायला म्हणून, पण हातात टेप घेऊन. आपापल्या झाडांची मापं द्यायला.

आदल्या संध्याकाळी सुकरीनं आपल्या हातानं नाडी आवळलेली होती. तिनं गाठ अशी मारली होती, जशी ती बुधरी लहान असताना तिच्या झोळीला मारायची. बुधरीला ती गाठ ओळखता आली.

"सोड आता," बुधरी खुणेनं म्हणाली आणि बाहीखाली टोपली धरली.

सुकरीनं नाडी सोडली. फुलं सळसळत टोपलीत उतरली. म्हातारीचा हात सवयीनं खाली जमिनीकडे गेला, वेचायला. जमिनीवर काहीच नव्हतं. हात तसाच अधांतरी राहिला. तिला कळेना त्या हाताचं काय करायचं. मग तिनं तो बांबूच्या खांबावर ठेवला, खांबाचा आधार घेतला आणि हळूहळू, एकेक मणका सोडवत, जमेल तेवढी वर झाली. मान वर केली.

वर मोह झडत होता. उजेडात, पानं नसलेल्या फांद्यांवरून, एकेक फूल सुटून येत होतं. मध्येच हवेत थबकल्यासारखं वाटायचं, मग गिरकी घेऊन खाली यायचं. टप. पुन्हा एक. टप. सुकरीला तो आवाज ऐकू येत नव्हता. ती फक्त बघत होती. तोंड उघडं, डोळे लहान पोरीचे.

"बुधरी," ती म्हणाली, "जलमभर मोह वेचला वं मी. पण पडताना कसा दिसते, थे आजच पाह्यलं."

बुधरीनं टोपली कमरेला टेकवून डोळे मिटले. जाळ्याला चुकवून एक फूल तिच्या गालावर पडलं आणि तिनं ते तसंच राहू दिलं.

"घरी चाल, आत्या," थोड्या वेळानं ती कानाशी म्हणाली. "टोपली भरली."

"भरू दे," सुकरी म्हणाली, वरच बघत. "मले उभी राहू दे जरा."